पेट्रोलचा सांडवा

बाळाराम,

तुझ्या तेराव्याला पोशीरला, तुझ्या गावी, मी पंगतीत बसलो होतो आणि तुझ्यावर चिडलेलो होतो. गेलेल्या माणसाला असं कोणी सांगत नाही. तुला सांगतो, कारण बावीस वर्षं तू माझा राग रोज पाहिलास आणि एकदाही त्याला भ्याला नाहीस. माझी बायको, म्हणजे तुझी बहीण यमुना, माझ्या पानात वाढत होती पण माझ्याकडे बघत नव्हती. शेजारी बसलेले म्हणत होते, किती गुणी माणूस, कधी कुणाला वर तोंड करून बोलला नाही. मी मनात म्हणत होतो, मला बोलला ना! माझ्याच गॅरेजात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर बोलला, आणि बोलून जो गेला तो परत आला नाही.

ती तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही. पण त्या दिवशी घास उतरत नव्हता तो रागामुळे नव्हे. खालापूरला माझ्या शेडमध्ये त्याच गिऱ्हाइकाची, जयंतची, गाडी उभी होती. शर्यत नऊ दिवसांवर आली होती. त्या गाडीच्या पेट्रोलच्या वाटेत एक भोक पाडायचं होतं. ते चुकलं तर पोरगा गाडीसकट पेटला असता, आणि ते केवढं असावं हे फक्त तुला ठाऊक होतं.

तू पहिल्यांदा नाक्यावर आलास तेव्हा माझ्याकडे पत्र्याचं छप्पर, एक जॅक आणि पंक्चरचं सामान एवढंच होतं. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. तुला भातशेतीखेरीज काही येत नव्हतं. घाट चढण्याआधी टॅक्सीवाले आपल्याकडे थांबायचे आणि बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. तू मला विचारलंस, "दाजी, पंपाला ताप आलाय काय?" मी म्हटलं, पंपाला नाही, पेट्रोलला. ते तापलं की त्याची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, आणि गाडी घाटात बंद पडते. मग जेवणाच्या सुट्टीत डबा धुता धुता तू म्हणालास, "म्हंजे पेट्रोल पान्यासारखं नाय. भित्र्या मानसासारखं हाय. जरा तापवलं का पळून जातं."

मी त्या दिवशीच ओळखलं, की हा माझ्यापेक्षा चांगला फिटर होणार. तुला कधी सांगितलं नाही. ज्याला आपण चांगला म्हणतो त्याच्याशी मग घासाघीस करता येत नाही, हे मी नाक्यावर शिकलो होतो. आपल्या घरच्या माणसाशी घासाघीस करायची नसते, हे शिकायचं राहून गेलं.

जयंत आला तो गेल्या दिवाळीनंतर. दादरच्या डॉक्टरांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, बोलायला गोड. गाडी साधीच, इंजिन टॅक्सीला असतं तेच. पण त्याला ती खोपोलीच्या वरच्या जुन्या खासगी रस्त्यावर पळवायची होती. मुंबईची हौशी मंडळी तिथं डोंगर चढण्याची शर्यत लावणार होती. एका वेळी एक गाडी, वर पोचायला कोणाला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. जयंतला इंजिनची ताकद दुप्पट हवी होती. हेड घासायचं, दोन कार्बोरेटर बसवायचे, सगळं त्यानं वाचून आणलेलं. मी लगेच हो म्हणालो. तू मात्र म्हणालास, "इंजिनाचं मागनं बगू. आदी पेट्रोलची वाट."

तीन दिवस तू पान्याला हात लावला नाहीस. शेडच्या फरशीवर खडूनं गाडी काढलीस, खरी गाडी असते तेवढी. मागे टाकी, पुढे इंजिन, मध्ये रेघा. पुसायचास, परत काढायचास. माझं डोकं तापायला लागलं.

"बाळाराम, गाडी बांधायची आहे का रांगोळी काढायची आहे?"

"दाजी, पाय उचला. तुमी टाकीवर पाय दिलाय."

मी खरंच पाय उचलला. नंतर माझा मलाच राग आला.

पण तू जे सांगितलंस ते मला आजही तोंडपाठ आहे. गाडी चढाला लागली की टाकीतलं सगळं पेट्रोल मागच्या भिंतीकडे जाणार, म्हणून तोटी मागच्या खालच्या कोपऱ्यात हवी. पाइप सायलेन्सरच्या बाजूनं न्यायचा नाही, दुसऱ्या बाजूनं न्यायचा, वळसा पडला तरी चालेल. आणि पुढे दोन कार्बोरेटर. प्रत्येकाच्या पोटात एक छोटं भांडं, भांड्यात तरंगणारा फ्लोट, फ्लोटच्या डोक्यावर सुई. भांडं भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई तोंड बंद करते. हे मी तुला शिकवलं होतं. तू मला ते परत शिकवलंस, खाचर काढून. "ह्ये खाचर हाय, दाजी. पानी बोटभर पायजे. कमी झालं तर भात करपंल, जादा झालं तर बांद फुटंल. चढाला इंजिन किती पितंय त्ये आदी मोजूया."

मोजायला तू नाक्यावरच्या गवळ्याचं दुधाचं माप मागून आणलंस. गवळी ओरडला, पेट्रोलचा वास जायचा नाही म्हणून. तू त्याला दोन दिवसांत नवीन माप आणून दिलंस, मला न विचारता. गाडीची पुढची चाकं दगडांवर चढवून तिचं नाक वर केलंस, कारण सपाटीवर मोजलेलं घाटात खरं ठरत नाही. मी घड्याळ धरून बसलो आणि तू मिनिटभरात किती मापं भरतात ते बघितलंस. गाडीच्या मूळ पंपानं जेवढं दिलं ते हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. "मोटा पंप पायजे. बॅटरीवरचा."

मग मी मुंबईला गेलो. भंगार बाजारात एका दुकानात असा पंप होता. विकणारा म्हणत होता विमानाचा आहे, मला लाँचचा वाटला. दुपार गेली घासाघिशीत. मी तीन वेळा उठून चालू लागलो, तीन वेळा त्यानं हाक मारली. चौथ्यांदा मी कोपऱ्यावर जाऊन पानवाल्याशी गप्पा मारत उभा राहिलो. तो धावत आला, पंप हातात घेऊन. एसटीनं येताना मी तो मांडीवर धरून आणला. कुणी मला राज्य दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

तू तो बॅटरीला जोडलास, तोंडावर अंगठा दाबलास. पेट्रोलच्या जोरानं अंगठा बाजूला झाला आणि धार तुझ्या सदऱ्यावर आली. मी हसलो. तू नाही हसलास.

"जोर लय हाय, दाजी."

"मग? जोर हवाच होता ना?"

"पेट्रोल जास्ती पायजे हुतं. जोर नव्हता पायजे. सुई एवढीशी हाय. ती ह्यो जोर कशी झेलनार? सुई उचलली गेली तर कार्बोरेटर भरून वाहनार, आन खाली धुराचा तापलेला मॅनिफोल्ड हाय."

त्यावर तुझा उपाय तयार होता. कार्बोरेटरच्या अलीकडे पाइपाला फाटा काढायचा आणि तिथून एक बारीक पाइप परत टाकीपर्यंत न्यायचा. फाट्याच्या तोंडात पितळेची गुडदी, म्हणजे बूच, बसवायची, तिला नेमक्या मापाचं बारीक भोक. लागेल तेवढं इंजिन घेईल, उरलेलं त्या भोकातून परत जाईल. पेट्रोल सारखं फिरतं राहील, म्हणून तापणार नाही, आणि जोरही सुईवर चढणार नाही.

आज लिहिताना वाटतं, किती सरळ गोष्ट आहे. त्या दिवशी मला फक्त एवढंच ऐकू आलं, की मी आणलेल्या मालात तू खोट काढलीस. मी म्हणालो, गाडीच्या लांबीएवढा आणखी पाइप म्हणजे आणखी चार जोड, आणखी चार जागी गळती. हा मुद्दाही अगदीच खोटा नव्हता, हे तूही मान्य करशील. पण मी तो मुद्दा म्हणून मांडला नव्हता. भांडायला हाताशी आला म्हणून उचलला होता.

दुसऱ्या दिवशी तू मला स्कूटरवर मागे बसवून पळसदरीला नेलंस. मला वाटलं कोणा गिऱ्हाइकाकडे चाललोय. तू धरणाच्या भिंतीवर नेऊन उभं केलंस. फाल्गुनातलं ऊन, पाणी खाली गेलेलं, बायका काठावर गोधड्या धूत होत्या. तू बाजूचा कोरडा सांडवा दाखवलास. धरण भरलं की जादा पाणी जिथून आपोआप बाहेर पडतं, ती जागा.

"त्यो बगा."

"धरण मी बघितलंय. मला कशाला दाखवतोस?"

"तुमाला नाय दाखवत, दाजी. तुमच्या पंपाला दाखवतोय. ह्या भिंतीला सांडवा नसता तर पयल्या पावसाळ्यात खाली गाव ऱ्हायलं असतं का?"

"परत चल. भर दुपारी गॅरेज टाकून मला पाणी दाखवायला आणलंय!"

परतीच्या वाटेवर तू दोनदा स्कूटर थांबवलीस. एकदा म्हणालास तहान लागली. एकदा काही बोलला नाहीस, झाडाखाली उभा राहिलास. मला वाटलं, रुसला. मीही काही विचारलं नाही.

मग तो मंगळवार. जयंत आला होता. मी त्याला पंप दाखवत होतो, कसा मिळवला ते रंगवून सांगत होतो. तू मध्येच म्हणालास, "जयंतशेट, परतीचा पाइप टाकल्याबिगर ह्यो पंप लावू नका."

जयंतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पेट्रोल परत टाकीत पाठवायचं म्हणतो हा. विकत घेतलेला माल कोणी दुकानात परत पाठवतो का?"

"मंग जास्तीचं जानार कुटं, दाजी? तुमच्या खिशात?"

जयंत हसला. वाईट मुलगा नाही तो, पण हसला. ते हसू मला अंगावर उकळतं पाणी पडावं तसं लागलं. मी काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. तुला आठवत असेल, आणि तुझ्या बहिणीला तर नक्कीच आठवतं, कारण ती डबा घेऊन दारात उभी होती. शेवटचं वाक्य एवढंच, की बाहेर थांबा आहे, कर्जतची एसटी मिळते.

तू हात पुसलेस. पाने खणात ठेवलेस, एकेक आपापल्या जागी. चहा आला होता तो तसाच ठेवलास. फाटकापाशी दगडावर बसलास. बराच वेळ बसलास. मी आतून बघत होतो.

बाळाराम, आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तू त्या दगडावर बसलास तेव्हा मला वाटलं, तू हाक मारण्याची वाट बघतोयस. मी आयुष्यभर असाच धंदा केला. उठून जायचं, कोपऱ्यावर रेंगाळायचं, आणि समोरच्यानं हाक मारली की जिंकलो. जो आधी हाक मारतो त्याला वाकावं लागतं. मी ठरवलं, मी मारणार नाही. तू उठलास, एसटीला हात केलास आणि गेलास. मी मनात म्हणालो, दोन दिवसांत येईल.

दोन दिवस गेले, आठ गेले. मी पंप बसवला, परतीच्या पाइपाशिवाय. लोहारआळीतला एक माणूस बोलावला, जोड त्याच्याकडून करून घेतले. गाडी अशी पळाली की जयंत उतरला आणि लगेच परत आत जाऊन बसला. मी कर्जतच्या कंडक्टरकडे निरोप दिला, "पोशीरच्या बाळारामला सांग, दाजी म्हणाले गाडी पळते." खिजवायलाच दिला. तू चिडून येशील, दारातूनच ओरडशील, मी ओरडेन, मग जेवायला बसू, असा माझा हिशेब होता.

उत्तर आलं नाही. अठराव्या दिवशी यमुनेला निरोप आला, की तुला कर्जतच्या दवाखान्यात ठेवलंय. कावीळ, पोटात उतरलेली. आम्ही पोचलो तेव्हा तू पडून होतास, डोळे हळदीसारखे. मी तुझ्या उशाशी काय बोललो माहीत आहे? मोसंबी महाग झालीत. रस्त्याचं डांबरीकरण चाललंय. जयंतचे वडील तुला विचारत होते, तेही खोटंच. तू मान हलवत होतास. मला वाटलं, उद्या बोलू, जरा बरा झाला की. खोलीत तुझी बायको शेवंता होती, तुझी आई होती, यमुना होती. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करायची म्हणजे मला सवय नाही. त्याच उद्याच्या पहाटे तू गेलास.

दहाव्याला नदीवरून आल्यावर शेवंतानं मला पडवीत बोलावलं. तुझी बायको माझ्याशी कधी चार वाक्यांच्या वर बोलली नाही, त्या दिवशी बोलली.

"भावजी, त्ये त्या मंगळवारी घरी आले ना, तवा अंग चुलीवानी तापलं हुतं. तीन-चार दिस आदीपासनंच ताप हुता. तुमाला बोलले नाय. म्हनले, गाडीचं काम हाय, दाजी चिडतील. एसटीतनं उतरून घरापातूर चालवंना, म्हनून बांदावर बसले. मीच जाऊन आनलं."

मी विचारलं, फाटकापाशी दगडावर बसला होता तेव्हा?

"तापातच बसले आसतील. दुसरं काय?"

तू घासाघीस करत नव्हतास. तुला उभं राहवत नव्हतं. बावीस वर्षं मी माणसांची पावलं वाचून जगलो. कोण खरंच निघाला आणि कोण परत वळणार, हे मला पाठीवरून कळतं असं मी सगळ्यांना सांगायचो. तुझी पाठ मला वाचता आली नाही.

मग शेवंता म्हणाली, माझा निरोप तुला मिळाला होता. तू हसलास म्हणे, आणि म्हणालास, "दाजींना सांग, पळताना नाय, थांबल्यावर बगा. गरम करून थांबवा, पंप चालू ठेवा, आन बगा." ती सांगायची राहून गेली. दवाखान्याच्या धावपळीत कोण सांगणार? ती रडायला लागली, जणू तिचीच चूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडचं दार लावून घेतलं. गाडी नाक्यापासून चौक गावापर्यंत दामटली, पुन्हा दामटली, इंजिन चांगलं तापवलं. मग शेडमध्ये आणून इंजिन बंद केलं आणि पंप चालू ठेवला. शर्यतीच्या आधी रांगेत उभं राहताना जयंत हेच करणार होता. बॉनेट उघडून बघत राहिलो. पहिलं मिनिट काही नाही. दुसरं नाही. मला बरं वाटायला लागलं होतं. आणि मग मागच्या कार्बोरेटरच्या कडेनं एक थेंब आला, ओघळला, आणि खाली मॅनिफोल्डवर पडला. फुस्स झालं. पांढरा धूर आला. पाठोपाठ दुसरा थेंब, मग धारच लागली. मी पंपाचं बटण बंद केलं आणि पोत्यानं सगळं झाकलं. मग मी फरशीवर बसलो.

पेटलं नाही. का पेटलं नाही, मला माहीत नाही. त्याआधी जयंतनं ती गाडी किती वेळा पळवली असेल आणि किती वेळा थांबून शेडच्या दारात गप्पा मारत उभा राहिला असेल, ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

परतीचा पाइप मी स्वतः टाकला, तू खडूनं काढला होतास तसा, उजव्या बाजूनं. जोड दोनदा तपासले. अडलं ते भोकाच्या मापावर. तू ते कधी बोलला नव्हतास. तुझ्या डोक्यात होतं. मी सहा गुडद्या कापल्या, सहा वेगळी भोकं पाडली. सगळ्यात बारकी लावली, इंजिन तापवलं, थांबवलं. थेंब. पुढची लावली. थेंब उशिरा आला, पण आला. चौथ्या गुडदीला थांबला. मग चाकं दगडांवर चढवून, गवळ्याचं माप लावून बघितलं. चौथीला मापं पुरत होती. पाचवीला जेमतेम. सहावीला कमी.

म्हणजे चौथी, असं कोणीही म्हणेल. पण फाल्गुन संपून चैत्र लागला होता. शर्यतीच्या दिवशी ऊन किती असेल? रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल? जयंत इंजिन किती रेटेल? चौथी बरोबर आहे की नुसती आज बरोबर आहे? मी पहाटे उठून यायचो आणि चौथी लावायचो, दुपारी काढून पाचवी लावायचो. यमुना बोलायला लागली होती, पण तेवढ्यापुरतंच. एकदा शेडमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं." मी म्हणालो, "हो."

शेवटी पाचवी ठेवली. इंजिन उपाशी राहिलं तर खोकेल, शर्यत हरेल. चौथी कमी पडली तर पेटेल. माझ्यासारख्यानं हरण्याच्या बाजूनं निर्णय घ्यावा, हे बघायला तू हवा होतास.

जयंतला मी सगळं सांगितलं. माझा पंप जादा जोराचा होता, बाळाराम बरोबर होता, मी चूक होतो. "गाडी वर खोकेल कदाचित," मी म्हणालो. "पण जळणार नाही, बहुतेक."

तो म्हणाला, "शेठ, तुम्ही 'बहुतेक' कधीपासून म्हणायला लागलात?"

"म्हणतोय ना आता. ऐकून घे. नाही पटत तर गाडी काढू नकोस."

"काढणार," तो म्हणाला.

रविवारी खोपोलीच्या वर त्या रस्त्याच्या तोंडाशी पंधरा-वीस गाड्या रांगेत होत्या. ऊन सकाळीच चटकत होतं. आपली गाडी अकरावी. मी बॉनेटपाशी वाळूची बादली आणि ओलं पोतं घेऊन उभा होतो.

"शेठ, लोक हसतायत," जयंत खिडकीतून म्हणाला.

"हसू दे. तू आरशात बघू नकोस, धूर दिसतो का ते बघ."

अर्धा तास रांग हलत होती. मी दर मिनिटाला बॉनेट उचलत होतो. मागच्या कार्बोरेटरला बोट लावत होतो. कोरडा. परत लावत होतो. कोरडा. एकदा बोट ओलं लागलं आणि मी पोतं उचललं, पण तो माझाच घाम होता.

त्याची पाळी आली. गाडी गेली. त्या रस्त्यावर चौथ्या वळणानंतर डोंगराचा एक सुळका आडवा येतो, तिथं प्रत्येक गाडीचा आवाज नाहीसा होतो आणि वरच्या अंगाला परत येतो. आधीच्या दहा गाड्यांचे आवाज मी मोजले होते. साधारण वीस आकड्यांनी परत यायचे. जयंतचा आवाज गेला. मी मोजायला लागलो. पंधरा. वीस. बावीस. माणसं माझ्याकडे बघायला लागली, कारण मी मोठ्यानं मोजत होतो. मी वर धुराचा लोट शोधत होतो. पंचवीस. आणि आवाज आला, दोन खोकले आले, मग पुन्हा सरळ आवाज. वरच्या माणसानं झेंडा हलवला.

मी बादली खाली ठेवली आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. घरी गेल्यावर यमुनेनं विचारलं, "जिंकला का?" मी विचारायलाच विसरलो होतो.

त्याआधी जयंत खाली आला तेव्हा म्हणाला, "शेवटच्या दोन वळणांना अडखळली. पण शेठ, काय गाडी आहे!" मग म्हणाला, पुढच्या वेळी भोक जरा बारीक करू, म्हणजे अडखळणार नाही. मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्याला वाटलं मी नेहमीसारखा ताणतोय. तो हसत म्हणाला, "चला, नंतर बोलू." काल गाडी मुंबईला घेऊन गेला.

ती गुडदी पितळेची आहे, बाळाराम. मुंबईत कोणीही तासाभरात नवीन करून देईल. मे महिन्यात आणखी एक शर्यत आहे म्हणाला. मी आज सकाळीच त्याच्या वडिलांना पत्र टाकलं, सगळं लिहून. गुडदीला हात लावायचा झाला तर गाडी आधी माझ्याकडे आणायची, असं लिहिलंय. डॉक्टर आहेत, समजून घेतील असं वाटतं. पण त्यांना तरी मी काय माप सांगणार? पाचवी मोठी आहे, हे मला आता कळलं. चौथी बारीक आहे की नाही, ते कळत नाही. त्या दोघींच्या मध्ये कुठं तरी बरोबर जागा आहे. तू असतास तर ते दोन खोकले ऐकूनच सांगितलं असतंस, हात पुसत, माझ्याकडे न बघता.

केवढं ठेवलं असतंस रं? सांग. मी ऐकतोय.